कोऱ्या चौकटीतली खूण

पुएर्तो कारांदात नुसतं ‘त्रान्सितो’ म्हणून हाक मारायची कुणाची छाती नव्हती. आधी बाईमाणसाला मानानं लावतात ते ‘न्या’ लावायचं, मग नाव घ्यायचं, मग काय हवं ते मांस मागायचं. गावात खाटकाचं दुकान एकच आणि ते तिचं. नवरा बोटीवरच्या टपालाच्या पिशव्या सांभाळायचा. तो तापानं गेला तेव्हा मागे दोन पोरं ठेवून गेला आणि तिकिटांची एक जाडजूड वही. लोक म्हणाले, वही विक आणि पोरांना बूट घे. तिनं त्या लोकांना दाराबाहेर काढलं आणि बापाची जुनी सुरी दगडावर घासायला घेतली. बूट तिनं बैल कापून आणले. वही राहिली.

शाळेत ती दोन वर्षं गेली, तीही मास्तरच्या गाई राखायला. अक्षरं लावून वाचायची म्हणजे तिला घाम फुटायचा. पण तिकीट हातात आलं की देश कुठला हे ती झोपेतही सांगायची. काठीवर टोपी आणि शेजारी सिंह म्हणजे आपलं पाराग्वाय. पंख पसरलेलं डोंगरी गिधाड म्हणजे बोलिव्हिया. राजाराणीची मुंडकी म्हणजे समुद्रापलीकडचे, ज्यांना आपल्या तोंडाशिवाय दुसरं चित्र सुचत नाही.

रविवारी पहाटे दोन बैल पडायचे, दुपारपर्यंत मांस संपायचं. मग ती हात धुवायला बसायची. आधी राखेनं, मग साबणानं, शेवटी कडू संत्रं पिळून. नखाच्या कडेला रक्ताची रेघ राहिली तर पुन्हा पहिल्यापासून. हात वाळले की परसातल्या आंब्याखाली टेबल, टेबलावर धुतलेलं फडकं आणि फडक्यावर वही. त्या टेबलाशी कुणी मोठ्यानं शिंकलेलंही तिला चालायचं नाही.

टेबलाशी बसायला दोघंच. एक सेनोन, खोगिरं शिवणारा, मूळचा बोलिव्हियातल्या ओरुरोचा. गावात येऊन त्याला बावीस वर्षं झाली होती. न्या त्रान्सितोच्या लेकीचा, पेरपेतुआचा, तो धर्मपिता, म्हणून हा तिचा कोंपाद्रे आणि ती त्याची कोमाद्रे. हे नातं रक्ताच्या भावापेक्षा वरचं. भाऊ भांडून तुटतो, कोंपाद्रे तुटत नाही. दुसरा इलारियोन बोगादो, औषधवाला, पांढऱ्या कॉलरचा. त्याच्याकडे फ्रेंच लोकांचं तिकिटांचं सूचीपुस्तक होतं. जगातल्या प्रत्येक तिकिटाला त्यात आकडा दिलेला, आणि ते पुस्तक असल्यामुळे आपल्यालाही एक आकडा आहे असं त्याला वाटायचं.

शिंगातलं तेरेरे, गार पाण्यात भिजवलेल्या पाल्याचं पेय, तिघांत फिरायचं आणि गप्पा चालायच्या. सेनोननं एकदा सांगितलं की इंग्लंडात निघालेल्या पहिल्या तिकिटांच्या कडेला फाडायची भोकंच नव्हती, टपालातला माणूस कात्रीनं एकेक कापून द्यायचा. न्या त्रान्सितो म्हणाली, कात्रीनं कापल्यावर कड वाकडी जाणारच, सुरी द्यायची होती त्याच्या हातात. इलारियोनला तिच्या वहीतल्या एका तिकिटाचा फार हेवा होता. ब्राझीलच्या सगळ्यांत जुन्या तिकिटांना लोक बैलाचे डोळे म्हणतात. ना राजाचं तोंड, ना देशाचं नाव, वळणावळणाच्या रेघांत बसलेला नुसता आकडा. नवऱ्यानं कुठल्याशा रद्दीतून ते मिळवलं होतं, एक कोपरा तासलेलं. कोपरा गेला तिथं मोल गेलं, असं इलारियोन दर महिन्याला एकदा सांगायचा. त्यावर तिनं त्याला ऐकवलं होतं की तिनं आयुष्यात हजारो बैलांचे डोळे शेवटचे पाहिलेत आणि हा एकच असा आहे जो तिच्याकडे बघून मिटला नाही.

पण तिघांची खरी माया होती ती फिरत्या वहीवर. ओरुरोच्या तिकीटमंडळाची ही वही. पानापानांवर चौकटी, चौकटीत डिंकाच्या बारीक पट्टीनं डकवलेलं जास्तीचं तिकीट, खाली सूचीतला आकडा. वही टपालानं गावोगाव जायची. ज्याला जे आवडेल ते त्यानं काढून घ्यायचं, तोलामोलाचं आपलं एक मागच्या पानांवर लावायचं, आणि रिकाम्या झालेल्या चौकटीत सही करून वही पुढच्या माणसाकडे धाडायची. ओरुरोहून ती कारांदाला यायची, कारांदाहून नदीनं वर ब्राझीलच्या कोरुंबाला. या लोकांनी एकमेकांची तोंडं पाहिलेली नव्हती. तरी वर्षानुवर्षं त्यातलं एक तिकीट कधी चोरीला गेलं नाही. देवळातल्या दानपेटीला दोन कुलपं लागतात, न्या त्रान्सितो म्हणायची, आणि आमच्या वहीला साधा दोराही नाही.

इलारियोन चौकटीत ‘इ. बो.’ एवढंच लिहायचा. न्या त्रान्सितोला सही जमायची नाही. चौकटीत ती आपल्या गुरांवरच्या डागाची खूण काढायची: अर्धा चंद्र आणि त्याला लटकलेला आकडा, मांस टांगायचा असतो तसा. आणि तिकीट काढायची तीही खाटकाच्या घाईनं. पट्टी ओली करून हळूच सोडवायची असते. ती मुळा उपटावा तसं तिकीट ओढायची. पट्टीचा अर्धा तुकडा तिकिटाच्या पाठीला यायचा, अर्धा चौकटीत राहायचा. सेनोन कपाळाला हात लावायचा.

मग चाकोची लढाई लागली. पाराग्वाय आणि बोलिव्हिया एका काटेरी रानासाठी एकमेकांना भिडले. खरं तर बंदुकीच्या आधी हे भांडण तिकिटांवर झालं होतं. त्यांनी नकाशा छापला, त्यात चाको त्यांचा. आपण नकाशा छापला, त्यात चाको आपला. तिच्या वहीत दोन्ही नकाशे एकाच पानावर समोरासमोर होते.

नेमकी त्या वेळी फिरती वही कारांदात अडकली. टपाल बंद पडलं. इलारियोन म्हणाला, जाळून टाका. शत्रूच्या गावची वही, शत्रूच्या गावचे शिक्के, उद्या कुणी पाहिलं तर तिघांची मान जाईल. सेनोननं कोमाद्रेकडे बघितलं. तिनं निकाल दिला.

"दुसऱ्याची तिकिटं म्हणजे दुसऱ्याची गाय. चारायला आलीय, कापायला नाही. लढाई संपेल तेव्हा ती कोरुंबाला जाईल."

शब्द तिचा होता, वही सेनोनच्या दुकानात राहिली. कातड्यांच्या चळतीखाली.

मग एका शनिवारी दुपारी बोट आली ती बोकेरोनच्या लढाईतल्या मेलेल्यांची यादी घेऊन. कारांदाची सात पोरं. न्या त्रान्सितोचा अनास्तासियोही तिकडेच होता. यादीत तो नाही हे कळल्यावर ती तशीच परत आली आणि कातड्यांना मीठ लावायला बसली, कारण ज्यांची पोरं गेली त्यांच्यासमोर सुटकेचा श्वास टाकणं तिला शोभलं नसतं.

तासाभरानं पेरपेतुआ धावत आली. तिच्या ओठातून रक्त येत होतं. कुणीतरी तिला ढकललं होतं. ती सांगत गेली आणि आई मीठ चोळत ऐकत गेली.

यादीत सेल्सो ओवेलारचं नाव होतं. त्याचा थोरला भाऊ रुफिनो गुरं हाकणारा गडी, गावात राहिलेल्या पहारेकऱ्यांचा म्होरक्या. यादी त्यानं बंदरावरच वाचली. मग कुणीतरी म्हणालं, बोलिव्हियाचा एक आहे की आपल्याच गावात. पुढचं कुणी ठरवलं नाही. चाळीसेक माणसं खोगिरांच्या दुकानात घुसली. सेनोनला त्याच्याच पट्ट्यांनी मारलं, बकलाच्या बाजूनं. दात पडले. कातडी उचलून फेकताना खालून वही निघाली.

ओरुरोचा शिक्का. आत रिकाम्या चौकटी, त्याखाली आकडे, आकड्यांखाली खुणा. रुफिनोला वाचता येत होतं, हेच वाईट झालं. त्याला त्यात पलटणी दिसल्या. एकशे तीन म्हणजे किती माणसं, कुठं, कुणी सांगितलं? सेनोन म्हणाला, तिकिटाचा नंबर आहे. रुफिनोनं त्याचा हात कातडं कापायच्या लाकडावर ठेवला आणि हातोडीनं एक बोट ठेचलं. दुसरा आकडा, दुसरं बोट. इ. बो. म्हणजे कोण? सेनोननं सांगितलं नाही. तिसरं. मग रुफिनोनं ती खूण दाखवली, अर्धा चंद्र आणि लटकलेला आकडा. दुकानातल्या निम्म्या कातड्यांवर तोच डाग होता. रुफिनो म्हणाला, हे तू बोल, तुझ्या तोंडानं बोल. सेनोननं नाव घेतलं नाही. चौथं.

"चार बोटं झाली, आई," पेरपेतुआ म्हणाली.

न्या त्रान्सितो उठली. तिनं सुरी कमरेला खोचली, लेकीला सांगितलं, घरून आपली वही घेऊन ये आणि चिमटा विसरू नकोस. वाटेत ती धावली नाही. धावत आलेल्या बाईचं कुणी ऐकत नाही.

दारात माणसांची भिंत होती. तिला बघून ती फाटली. न्या त्रान्सितो आत शिरली तेव्हा हातोडी रुफिनोच्या हातात नव्हती. ती इलारियोनच्या हातात होती. पांढरी कॉलर, तोंड पिठासारखं. इ. बो. कोण याचा संशय आपल्यावर येण्याआधी त्यानं स्वतःहून हातोडी मागून घेतली होती. तिच्या डोळ्यांदेखत त्यानं ती सेनोनच्या अंगठ्यावर घातली. ओलं लाकूड फुटावं तसा आवाज आला. सेनोन ओरडला नाही, त्याच्यात तेवढं उरलं नव्हतं.

"हातोडी खाली ठेव, इलारियोन," ती म्हणाली. "ती कातड्याला असते. माणसाचं काम तुला येत नाही."

त्यानं ठेवली. रुफिनो पुढं झाला. म्हणाला, न्या, तुम्ही मध्ये पडू नका, माझा भाऊ गेलाय. तिनं सांगितलं की तिचा अनास्तासियोही तिथंच आहे, आज यादीत नाही, उद्या असेल, पण म्हणून आपल्या कोंपाद्रेचा खून बघत ती उभी राहणार नाही. मग त्याच्या हातातल्या वहीवर बोट ठेवून ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, ही खूण माझी आहे. सगळ्यांना ठाऊकच होतं. तरी ती स्वतः बोलली तेव्हा गर्दीत कुजबुज झाली.

आकडे कसले हे सांगायला सूचीपुस्तक हवं होतं. ती औषधवाल्याकडे वळली. म्हणाली, तुझं ते जाडं पुस्तक घेऊन ये.

"कसलं पुस्तक, न्या?" इलारियोन म्हणाला.

तिनं त्याच्याकडे पाठ केली.

"बरं. तू मेलास. पुढचं मी जिवंत माणसांशी बोलते."

पेरपेतुआ वही घेऊन आली. न्या त्रान्सितोनं आधी कोपऱ्यातल्या घागरीतलं पाणी घेऊन हात धुतले, झग्याच्या घेराला पुसले. चाळीस माणसं रक्ताला टपलेली, खाली कोंपाद्रे पडलेला, आणि ही बाई हात धुतेय. कुणीतरी हसलं. तिनं बघितल्यावर हसू थांबलं. चिमट्यानं तिनं आपल्या वहीतून एक तिकीट उचललं आणि उलटं केलं. पाठीला अर्धी फाटकी पट्टी. मग रुफिनोच्या हातातली फिरती वही उघडायला लावली, तिची खूण असलेली चौकट. चौकटीत उरलेली अर्धी पट्टी. दोन तुकडे शेजारी धरून ती म्हणाली, ज्याला डोळे आहेत त्यानं बघावं, इथून काढलं ते हे. पलटण नाही, हेर नाही. खेळ आहे आमचा, वीस वर्षांचा.

माणसं बघेनात. ज्याला मारायचंच आहे त्याला कागद दाखवून काय होतं? तेवढ्यात मागून एक म्हातारी पुढं आली. न्या एदुविहिस, रुफिनोची आणि मेलेल्या सेल्सोची आई. डोळे रडून सुजलेले. गावाचे कपडे शिवून तिनं दोन मुलगे वाढवले होते, फाटलेल्या कडा जुळवण्यात तिचा जन्म गेला होता. तिनं वही नाकाशी धरली, तिकीट जवळ आणायला लावलं, एक डोळा मिटून बघितलं.

"एकाच कागदाचे दोन तुकडे आहेत, रुफिनो," ती म्हणाली. "बसतायत."

पण म्हातारीनं तिकिटाची पाठ पाहिली आणि लेकानं तोंड पाहिलं. तिकीट सरळ झालं तेव्हा त्यावर नकाशा निघाला. बोलिव्हियाचा नकाशा, आणि आख्खा चाको त्यांच्या पोटात. रुफिनोच्या गळ्यातून जो आवाज आला तो बैलाच्या गळ्यातून येतो, पहिला घाव चुकतो तेव्हा. हे छापणाऱ्यांनी माझा भाऊ मारला, तो म्हणाला, आणि तुम्ही हे घरात ठेवलंत, फडक्यात गुंडाळून.

"ठेवलं," ती म्हणाली. "शत्रूनं खोटं छापलं तर ते जपून ठेवावं. जाळलंस तर उद्या तो म्हणेल, मी छापलंच नव्हतं."

शब्द चांगला होता. दुसऱ्या दिवशी गाव तो एकमेकांना सांगत होतं. त्या घडीला त्याचा काही उपयोग झाला नाही. रुफिनोनं तिच्या हाताला लाथ मारली. तिची वही उडाली आणि कातडी भिजवायच्या हौदात पडली. केब्राचो झाडाच्या सालीचं लाल पाणी, रक्ताहून गडद. डिंक सुटला आणि तिकिटं एकेक करून वर आली. सिंह, गिधाड, राजे, राण्या, कोपरा तासलेला बैलाचा डोळा, सगळे लाल होत तरंगायला लागले. पेरपेतुआ किंचाळली. न्या त्रान्सितोनं तिकडे मान वळवली नाही, कारण रुफिनोनं कोयता उचलला होता आणि तो तिच्यावर नव्हता, सेनोनच्या मानेवर होता.

ती दोन पावलं आत गेली. बैल पाडताना मागच्या पायाची शीर कुठं सापडते हे तिच्या हाताला डोक्यापेक्षा आधी कळायचं. माणसाच्या मनगटाच्या वर चार बोटं तशाच शिरा असतात. सुरी एकदाच फिरली. कोयता खाली पडला, का पडला ते आधी रुफिनोलाही कळलं नाही. त्यानं बोटं मिटायला बघितली, ती मिटली नाहीत. मग रक्त आलं आणि मग तो ओरडला.

गर्दी एकदम हलली. एक दगड तिच्या भुवईवर बसला आणि तिचा एक डोळा रक्तानं भरला. एका नावाड्यानं वल्हं तिच्या खांद्यात घातलं. हाड मोडलं असं तिला वाटलं, पण सुरी दुसऱ्या हातात होती आणि तिनं त्याची मांडी गुडघ्यापर्यंत उघडली. तो खाली बसला, मग त्याला उठता येईना. ती सेनोनच्या दोन्ही बाजूंना पाय रोवून उभी राहिली. धापा टाकत होती, पण आवाज दुकानात वापरते तोच होता.

"सुरी एक आहे, तुम्ही चाळीस. म्हणजे पहिले तीन-चार मरतील, मग मी. पहिले कोण ते आपसात ठरवा. मी थांबते."

चाळीस माणसांनी एकमेकांकडे बघितलं. शूरपणा सगळ्यांकडे होता, पहिला नंबर कुणाला नको होता.

न्या एदुविहिसनं आपल्या झग्याचा घेर फाडला आणि लेकाचा हात घट्ट बांधला. वर न बघता ती म्हणाली, घरी जा सगळे, एक गेलाय, दुसरा इथं वाहून चाललाय, तुम्हाला अजून काय हवं. बाहेरच्या बाजूनं माणसं गळायला लागली. आधी दोन, मग पाच, मग नावाड्याला उचलून उरलेली.

सेनोनला चालवत नव्हतं. मायलेकींनी त्याला बैलाच्या कातड्यावर घेतलं आणि ते कातडं रस्त्यानं ओढत नेलं, औषधांच्या दुकानापर्यंत. दार आतून बंद होतं. न्या त्रान्सितोनं हाक मारली नाही. सुरीच्या मुठीनं काच फोडली, आत हात घालून कडी काढली. इलारियोन बाटल्यांच्या मागे बसला होता. काउंटरवर सूचीपुस्तक उघडं पडलेलं. कदाचित तो जाळायला काढत असेल, कदाचित आणायला निघालाही असेल. तिनं विचारलं नाही.

"ज्या हातानं मोडलंस त्याच हातानं बांध," ती म्हणाली. "आणि नीट बांध. याला पुन्हा सुई धरायचीय."

बांधता बांधता इलारियोन रडत होता. माझी दोन लहान पोरं आहेत, न्या, असं सारखं म्हणत होता. तिनं सांगितलं, पोरं आहेत म्हणून तर तू अजून श्वास घेतोयस, आता अंगठा सरळ कर. पाच बोटांना पाच कामट्या लागल्या. तिच्या भुवईवर टाके घालायला तो आला तेव्हा तिनं त्याचा हात झटकला आणि लेकीकडून घालून घेतले, घरच्या दोऱ्यानं.

सेनोनला मध्येच शुद्ध आली. तिनं विचारलं, माझं नाव का नाही घेतलंस, खूण दाखवली तेव्हा? तुटक्या दातांतून तो कष्टानं बोलला.

"खूण सगळ्यांनी ओळखली होती, कोमाद्रे. त्यांना फक्त माझ्या तोंडून हवं होतं."

मग त्यानं फिरत्या वहीचं विचारलं. ती म्हणाली, जीव राहिला की नाही ते विचार आधी. तो म्हणाला, ती आपली नाहीय ना, म्हणून विचारलं. तेव्हा कुठं तिला रडू आलं, आणि ते कुणाला दिसू नये म्हणून ती इलारियोनवर उगाच खेकसली, पाणी आण म्हणून.

संध्याकाळी बंदराचा कप्तान आला, सगळं झाल्यावर येतात तसा. सेनोनला त्यानं कैदी म्हणून ताब्यात घेतलं आणि सोमवारच्या बोटीनं खाली आसुन्सियोनला धाडलं, फिरती वही पुरावा म्हणून दोऱ्यानं बांधून सोबत. कैदेत छप्पर असतं आणि रुफिनो नसतो, एवढं बघून न्या त्रान्सितोनं त्याला जाऊ दिलं. धक्क्यावर दोन शिपाई उभे असताना तिनं भाजलेल्या मांसाची आणि चिपाच्या पावांची पिशवी त्याच्या गळ्यात अडकवली, हातात धरता येत नव्हती म्हणून. पंधरा दिवसांनी त्याचं पत्र आलं, डाव्या हातानं काढलेल्या चार वेड्यावाकड्या ओळींचं. पेरपेतुआनं वाचून दाखवलं. जिवंत होता. पाकिटावरचं तिकीट न्या त्रान्सितोनं पहिल्यांदाच कागद ओला करून, वाट बघून, सावकाश काढलं.

पण त्याआधी, सेल्सोच्या नवव्या दिवशी, एक गोष्ट झाली. मेलेल्यासाठी नऊ दिवस प्रार्थना चालते आणि नवव्याला आलेल्यांना जेवू घालावं लागतं. जेवणाला मांस लागतं आणि खाटीक गावात एकच. आठ दिवस तिच्या दुकानाकडे कुणी फिरकलं नव्हतं. मांस सडायला नको म्हणून ती वाळवून ठेवत होती. नवव्या दिवशी सकाळी न्या एदुविहिस दारात उभी राहिली, काळ्या झग्यात.

न्या त्रान्सितोचा एक हात गळ्यात बांधलेला होता. ती उठली.

"तू माझ्या उरलेल्या पोराचा हात कापलास," न्या एदुविहिस म्हणाली.

"कापला. पुन्हा कोयता उचलला तर दुसराही कापीन."

"उचलणार नाही. मूठ मिटत नाही." म्हातारीनं लाकडावरच्या सुरीकडे बघितलं. "तुझा तो बोलिव्हियावाला जगला?"

"जगला."

"माझा सेल्सो नाही जगला."

आकड्याला लटकलेल्या बैलाच्या बरगड्या न्या त्रान्सितोनं एका हातानं खाली ओढल्या, पाठीकडचं सगळ्यांत चांगलं मांस निवडलं आणि कापायला घेतलं. एका हातानं तुकडा सरकत होता. न्या एदुविहिस काउंटरच्या आत आली, बाह्या सारल्या आणि मांस दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"काप," ती म्हणाली.